खऱ्याची आंबापोळी

सखूच्या सदूला आग लावायला शिकवलं ते गावानंच. पण गावाची आठवण मोठी सोयीची असते. दुसऱ्याचं सगळं लक्षात राहतं, आपलं तेवढं विसरायला होतं.

उन्हाळ्यात कोकणात भाजावळ करतात. भाताची रोपं ज्या तुकड्यावर काढायची, त्यावर शेण, झाडांच्या फांद्यांचे वाळलेले टाळ, पाचोळ्याचा पातेरा आणि वर गवत पसरतात आणि पेटवून देतात. सदू लहान असताना त्याच्या बापानं एकदा गंमत म्हणून त्याच्या हातात झावळ्यांची पेटती चूड दिली. हे पोर धड बोलत नव्हतं, शाळेतल्या बाईंनी त्याच्यापुढे हात टेकलेले, हाक मारली तर भिंतीकडे बघायचं. पण आग कशी लावायची ते त्याला बरोबर कळलं. वाऱ्याला पाठ देऊन तो कडेकडेनं चूड टेकवत गेला आणि तुकडा कसा एकसारखा जळला. त्या दिवसापासून वाडीत बोलबाला झाला, सदूच्या हातची आग धरते. मग काय, ज्याची भाजावळ तो सदूला बोलावणार. काम झालं की त्याच्या पाठीवर थाप, हातावर गुळाचा खडा आणि वर "वाघ रे माझा!" त्याला दुसऱ्या कशासाठी कुणी कधी वाघ म्हटलं नव्हतं.

पुढे बाप गेला, पोराला मिशा फुटल्या, अंगानं तो रेड्यासारखा वाढला. डोकं होतं तिथंच राहिलं. आणि एका दुपारी, भाजावळीचा मोसम नसताना, त्यानं गंगारामची गवताची रचलेली उडवी पेटवून दिली आणि गुळासाठी हात पुढे केला. उडवी बघता बघता खाक झाली. गंगारामनं त्याला आंब्याच्या झाडाला बांधून घातलं आणि वाडीतल्या ज्या हातांनी पाठीवर थापा मारल्या होत्या, त्याच हातांनी त्याला बडवून काढलं. सखू सगळ्यांच्या पाया पडत फिरत होती. तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

पोलीस आले, रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, याला जन्मापासून बुद्धी कमी आहे आणि स्वमग्नताही आहे. याला तुरुंगात टाकून काही व्हायचं नाही, याला शिकवावं लागेल. म्हणून ज्ञानेश्वरीबाई गावात यायला लागल्या. शहरातल्या एका संस्थेतल्या त्या समुपदेशक. दर आठवड्याला एसटीनं यायच्या, छत्री कोपऱ्यात ठेवायच्या आणि सदूसमोर जमिनीवर मांडी घालून बसायच्या. वाडीला हसू आलं. एवढ्या मोठ्या बाप्याला चित्रं दाखवून शहाणा करायला निघालीय म्हणे!

पण बाईंचा धीर दांडगा होता. जळलेली उडवी, उपाशी गाय, रडणारा माणूस, अशी चित्रं त्या पुन्हा पुन्हा दाखवायच्या. हात शिवशिवायला लागले की काय करायचं, तर विहिरीवर जायचं, कळशी भरायची आणि पोफळीच्या मुळाशी ओतायची. शिवशिव थांबेपर्यंत ओतत राहायचं. त्या वर्षी सखूच्या पोफळी इतक्या माजल्या की शेजारणी नजर लावायला लागल्या. काडेपेटी कुलपात गेली. रोज तिन्हीसांजेला आई शेजारी उभी असताना तुळशीपुढची पणती तेवढी सदूनं लावायची. बाकी कुठलीही आग त्याची नाही. ही एक पणती मिळते म्हणून तो बाकीच्या आगी सोडायला शिकला.

आणि चूक झालीच तर काय करायचं, तेही बाईंनी शिकवलं. आधी काही विचारलं की सदू खांबामागे लपायचा आणि मनगट चावायचा. आता तो ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन, समोर उभा राहून तीन वाक्यं म्हणायचा. "मी केलं. माझी चूक झाली. पुन्हा नाही करणार." एरवी जे काय बोलायचा ते गावचंच, पण ही तीन वाक्यं मात्र बाईंच्या शुद्ध मराठीत. ती म्हणून झाली की त्याला आंबापोळीचा तुकडा मिळे, बाई "शाब्बास" म्हणत आणि विषय संपे. संपे म्हणजे संपेच. त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही, चपला घालायच्या आणि घरी यायचं. "माफी मागितल्यावरही माणूस उभाच ठेवला तर तो माफी कशाला मागेल?" असं बाईंचं म्हणणं होतं.

सखूला त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. "काकू, त्याला 'तू केलंस का' असं कधी विचारायचं नाही. 'काय झालं' असं विचारायचं. तो समोरच्याचं तोंड बघून उत्तर देतो. तुम्हाला हो हवं असलं की तो हो म्हणणार. आणि आंबापोळी खरं बोलल्याची आहे, हो म्हटल्याची नाही."

"व्हय बाय," सखू म्हणाली. तिला ते पटलंही होतं. पण पटणं वेगळं आणि पाळणं वेगळं.

झालं असं की सदूची ती तीन वाक्यं वाडीला फार आवडली. शेजारच्या मथुराची कोंबडी मुंगसानं नेली. ती हसत हसत अंगणात आली. "सदू, माझी कोंबडी तूच खाल्लंस ना रे?"

सदूनं तिच्या तोंडाकडे बघितलं. ती हसत होती, म्हणजे उत्तर हो असणार. "मी केलं. माझी चूक झाली. पुन्हा नाही करणार."

मथुरा हसून हसून खाली बसली. मग हा खेळच झाला. कुणाची कळशी फुटली, कुणाची म्हैस आटली, कुणाचा नवरा मुंबईहून आला नाही, की चला सदूला विचारायला. सदू हात जोडून कबूल व्हायचा, बाया गोळी नाहीतर बिस्कीट हातावर ठेवायच्या. सखू ओटीवरून बघायची आणि तीही हसायची. हसणार नाही तर काय करील? उडवी जळल्यापासून पहिल्यांदाच वाडी तिच्या घरावर रागावली नव्हती, हसत होती. बाईंना हे सांगायचं तिनं टाळलं. सांगितलं असतं तर त्यांनी खेळ बंद केला असता आणि तिला ते नको होतं.

असं करता करता दोन वर्षं सदूनं पणतीशिवाय काही पेटवलं नाही.

यंदा शिमग्याची पालखी घरी यायची म्हणून सदूचा थोरला भाऊ अनिल मुंबईहून आला. अनिल तिकडे एका कंपनीत गाडी चालवतो. घर त्याच्या पैशावर चालतं आणि त्याची बायको दर्शना बाळंतपणाला टेकलेली. पालखी होऊन गेल्यावर सखू म्हणाली, आता आलायस तर भाजावळ उरकून जा, सदूला चूड देता येत नाही. अनिल हो म्हणाला. पण सकाळी गार वेळेला उठेल तो अनिल कसला! दुपारची गाडी पकडायची म्हणून तो भर उन्हात मळ्यात गेला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात काडी. कडेचं गवत साफ केलं नाही, वाऱ्याचा कल बघितला नाही. सदू बांधावर बसून बघत होता आणि "दादा, वारा. दादा, वारा," असं ओरडत होता.

"गप ए येड्या," अनिल म्हणाला आणि काडी ओढली.

बांधापलीकडे गंगारामची आंब्याची बाग होती. झाडं फळांनी लगडलेली, खाली कमरेएवढं वाळकं गवत. आग बांध ओलांडून गेली ती थेट रखवालदाराच्या खोपटापर्यंत. रखवालदार नेपाळहून आलेला म्हातारा. त्याला सगळे बहादूर म्हणत. त्याचं खरं नाव काय, हे गावात कुणी कधी विचारलं नव्हतं. दुपारचा तो खोपटात झोपला होता. लोकांनी बाहेर काढला तेव्हा त्याच्यात धुगधुगी होती, रत्नागिरीला पोहोचेपर्यंत तीही राहिली नाही.

अनिल मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला. भुवया जळलेल्या, हात काळे. तो चुलीपुढे उकिडवा बसला आणि सखूला सगळं सांगून टाकलं.

"मेल्या, वारा बघाचा नाय?" सखू कपाळावर हात मारून म्हणाली. "सदू बोंबलत व्हता ता मना हितवर आयकू येत व्हता!"

"आये, माणूस मेलाय. मी आत जाईन. नोकरी जाईल. दर्शनाचे दिवस भरलेत, तिला कोण बघणार? तुला कोण बघणार?" मग खाली बघत हळूच म्हणाला, "आणि तसंही लोक त्याचंच नाव घेतायत."

खरंच घेत होते. बागेचा धूर अजून निवला नव्हता आणि वाटेवरून गंगारामचा आवाज येत होता, "दुसरा कोण लावणार? सखूचा येडा!"

सखूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एक मुलगा पोसणारा, एक पोसायचा. आणि तिच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, जी तिनं देवालाही सांगितली नव्हती. ती थकली होती. सव्वीस वर्षं त्याला न्हाऊ घालून, त्याच्या मागे धावून, त्याच्यासाठी लोकांच्या पाया पडून ती थकली होती. आपण मेल्यावर याचं काय, या विचारानं तिला झोप लागत नसे. दर्शना त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुठंतरी नेऊन ठेवतील, दोन वेळचं जेवायला घालतील, डॉक्टर असतील, असं ती मनात म्हणाली. आईच्या मनात असं यावं याची तिला लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

हवालदार अंगणात आले तेव्हा सगळी वाडी जमली होती. सदू खांबामागे उभा राहून मनगट चावत होता. बहादूर त्याला रोज काळा चहा द्यायचा, आणि बहादूरला उचलून नेताना त्यानं पाहिलं होतं.

हवालदार वयस्कर होते, पोराबाळांचे असावेत. त्यांनी टोपी काढली, पायरीवर बसले आणि नरमाईनं म्हणाले, "घाबरू नको. काय झालं ते सांग बघू."

बाई दोन वर्षं घसा फोडून जे सांगत होत्या, तोच प्रश्न त्यांनी सहज विचारला. सदूनं मनगट तोंडातून काढलं.

"दादा," तो म्हणाला. "दादा. काडी. वारा."

दाराआड उभ्या असलेल्या अनिलनं चौकट घट्ट धरली.

"दादा म्हणजे कोण?" हवालदारांनी विचारलं.

"तो मलापण दादा म्हणतो," गंगाराम म्हणाला. "त्याचं काय घेऊन बसलात?"

सदूनं बोट उचललं. ते दाराकडे वळायच्या आत सखू उठली. आत गेली आणि फळीवरचा डबा घेऊन आली. गेल्या उन्हाळ्यात घातलेल्या आंबापोळ्यांतली शेवटची एक त्यात उरली होती. झाकण उघडल्याचा आवाज झाला तसं सदूचं बोट खाली आलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. मग ती हसली. मथुरा हसायची तशी.

"सदू, हिकडं बघ. आग तू लावलंस ना?"

सदू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली. क्षणभर तिला वाटलं, तो नाही म्हणेल. त्यानं नाही म्हणावं असंही तिला वाटलं, आणि म्हटलं तर काय, अशी भीतीही वाटली. तिनं आणखी थोडं हसून मान हलवली.

"मी केलं," सदू म्हणाला. "माझी चूक झाली. पुन्हा नाही करणार."

आणि त्यानं हात पुढे केला. सखूनं त्याच्या हातावर अख्खी आंबापोळी ठेवली. एरवी तुकडाच मिळायचा. तो खूश होऊन खाली बसला आणि खायला लागला.

हवालदारांनी वाडीकडे बघून विचारलं, "हा खोटं बोलतो का कधी?"

"छे छे," मथुरा म्हणाली. "सदू कधी खोटा बोलाचा नाय." तिच्या मागे सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंबडी, कळशी, म्हैस, नवरा, कुणाला काही आठवलं नाही. आठवलं असेल तर कुणी बोललं नाही.

पोलिसांच्या गाडीत बसण्यापूर्वी सदूनं चपला घातल्या आणि घराकडे वळला. तीन वाक्यं झाली होती, विषय संपला होता. दोघांनी दंडाला धरून त्याला मागे फिरवलं तेव्हा तो जो ओरडला, ते ओरडणं घाटीच्या चढापर्यंत ऐकू येत होतं. अनिल संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीबाई धावत आल्या. छत्री कोपऱ्यात ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. "काकू, त्याला काय विचारलंत?"

"काय झाला, असाच विचारला बाय. तुमी शिकवलाव तसा," सखू म्हणाली. तिनं वर बघितलं नाही.

बाईंनी तिच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. त्या खूप भांडल्या. पोलिसांशी भांडल्या, वकिलाशी भांडल्या, रत्नागिरीच्या कोर्टात उभं राहून म्हणाल्या की हा मुलगा कशालाही हो म्हणतो, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. त्यावर समोरच्या वकिलानं विचारलं की दोन वर्षं याला खरं बोलायला तुम्हीच शिकवलंत ना? मग आता तो खरं बोलला तर तुमचा विश्वास का नाही? लोक हसले. सखूला बोलावलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्यानं कबूल केलान सायेब." बाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं, पण बघणं कोर्टात चालत नाही. सदूला घाटावरच्या एका संस्थेत बंदोबस्तात ठेवायचं ठरलं. बाई पुन्हा गावात आल्या नाहीत.

अनिलला मुलगी झाली. पोफळींना पाणी घालायला कुणी नव्हतं, त्या वाळल्या.

भातकापणी झाल्यावर सखू घाटावर गेली. गंगारामच्या वाचलेल्या झाडांचे पडके आंबे गोळा करून तिनं त्या उन्हाळ्यातही आंबापोळी घातली होती, ती फडक्यात बांधून घेतली. संस्थेची इमारत लांबलचक होती, व्हरांड्याला जाळी. तिथला शिपाई तोंडात तंबाखू धरून बोलायचा, माणूस वाईट नव्हता.

"तुमचा सदू फार गुणी हो," तो म्हणाला. "काय फुटलं, काय हरवलं, कुणी घाण केली की लगेच येऊन कबूल करतो. नाहीतर इथं कोण कबूल होतंय? आमचं काम सोपं करून ठेवलंय त्यानं."

"मंग काय करतात त्याला?" सखूनं विचारलं.

"काय करणार? शिक्षा करावी लागते. ज्यानं केलं त्याला." शिपाई जाळीबाहेर थुंकला. "दर वेळी मार खाऊन झाला की हात पुढं करतो बघा. काय मागतो देव जाणे."

सदू आला. अर्धा झाला होता. दोन्ही दंडांवर वळ, काही जुने, काही ताजे. आईला बघितल्यावर तो तिच्यासमोर ताठ उभा राहिला आणि लागलीच सुरू झाला. "मी केलं. माझी चूक झाली. पुन्हा नाही करणार." आणि हात पुढे केला.

सखूनं काही विचारलं नव्हतं. तिनं गाठ सोडली आणि आंबापोळी त्याच्या हातावर ठेवली. तो बाकावर बसून खायला लागला. वळांवरून हात फिरवावा म्हणून तिनं हात लावला तर तो दचकून सरकला. तिथं ती मोडली. इतके महिने जे दाबून धरलं होतं ते एकदम वर आलं आणि ती त्याच्या पायांशी फरशीवर बसली.

"नाय रे बाबा," ती म्हणाली, "तू नाय केलंस. तू कायपण नाय केलंस. मी केलं सदू. मी केलं. माझी चूक झाली."

सदूचं तोंड थांबलं. तो तिच्याकडे बघायला लागला, थेट तोंडाकडे, बाईंनी शिकवल्यासारखं. तो वाट बघत होता. तिसरं वाक्य राहिलं होतं.

"पुन्हा नाही करणार," सखू म्हणाली.

सदूनं हातातल्या आंबापोळीचा तुकडा तोडला. तिचा हात उलटा होता, तो त्यानं सुलटा केला, त्यावर तुकडा ठेवला आणि बोटं मिटवली. "शाब्बास," तो म्हणाला. मग वाकून त्यानं बाकाखालच्या चपला काढल्या, नीट पायात घातल्या आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

"आता घरी," तो म्हणाला.

तुकडा तोंडात टाकला नसता तर सदू रडला असता, म्हणून सखूनं तो खाल्ला. आंबापोळी चांगली गोड झाली होती. सदू दाराशी उभाच होता, तिच्यासाठी जागा ठेवून. तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि शिपायाला विचारलं की खाली रत्नागिरीला, कोर्ट बंद व्हायच्या आत पोहोचेल अशी गाडी किती वाजता आहे.